बोकड फौजदाराचं शिंग

"अर्धी मिशी! रंगनाथाच्या खुर्चीत, भर चौकात, समद्यांच्या देखत," काकासाहेब म्हणाला, आणि छगन भिंगारदिव्यानं दुकानाच्या फळीवर थाप मारली, "दिली जा! तुजी बी तयार ठिव." झालं, लागली पैज. आता छगनची मिशी म्हणजे काय साधी नव्हती. चाळिशी उलटलेली, डोक्यावरचं पीक निम्मं उठलेलं, पण मिशी अशी की पंक्चर काढायला आलेली पोरं सायकल सोडून तिच्याकडंच बघत बसायची. काकासाहेबाची त्या मानानं उंदराची, गेली काय नि राहिली काय. पण तोंडातनं शब्द गेला की छगन मागं बघत नसे. आणि पैज कशावरनं, तर बोकडावरनं. तोही जिवंत नाही, चित्रातला.

टॉकीजचा टांगा सकाळचा भिंगारमधनं फिरायचा, दोन्ही अंगांना रंगवलेले बोर्ड, आत भोंगा घेतलेला माणूस. त्या दिवशी भोंगा सांगत होता, येत्या ऐतवारी सकाळच्या खेळाला खास मुलांसाठी जुन्या जमान्यातली इंग्रजी कार्टूनं, आणि बोर्डावर पेंटरनं काढला होता एक बोकड. अंगात फौजदाराचा कोट, कमरेला पट्टा, तोंडात कुणाची तरी अर्धी चावलेली विजार, एक शिंग मोडलेलं आणि धड शिंगाला टोपी टांगलेली. छगन घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडा हुडकत बसला होता. त्यानं वर बघितलं आणि ट्यूब हातातनं सुटली. "बोकड फौजदार!" तो ओरडला. आणि शेजारच्या किराणा दुकानातनं गल्ला उघडा टाकून काकासाहेब बाहेर आला, तोही तेच ओरडत. दोन ढेरपोटी बाप्ये टांग्याच्या मागं चार पावलं पळालेसुद्धा. टांगा कोपऱ्यावरनं वळला, आणि छगन कमरेवर हात ठेवून म्हणाला, "पेंटरनं घाण केली राव. शिंग उलट्या अंगाचं मोडलंय. आपल्या डाव्या हाताचं पायजे."

"उजव्याच हाताचं. बराबर काढलंय त्यानं."

"काकासाहेब, तू पेपरात बघितलाय, पुड्याच्या कागदावर. मी पिच्चरमधी बघितलाय. पळताना, आरडताना, जज्जाची दाढी खाताना. डावं!"

"आता खुर्ची येनार," काकासाहेब आजूबाजूच्यांना म्हणाला. "बघा, आता खुर्ची."

"येनारच की! खुर्चीवर बसून बघितलंय. साहेबाची झुलती खुर्ची, म्होरं कुनाचं डोकं न्हाई, आन पिच्चरच्या मधोमध चांद. दिवसाढवळ्या सुदिक चांद! हाय का तुज्या पेपरात चांद?"

"चांद न्हाई आन डावं बी न्हाई. कॅम्पातली रद्दी गठ्ठ्यानं यायची आमच्यात. उजवं."

"पेपरात उजवंच दिसनार. छापताना ठसा उलटा उमटतो. तुला कोन सांगनार!"

काकासाहेबानं छगनकडं बघितलं. त्याच्या तोंडावर चेष्टा नव्हती, खरंच कोडं पडल्यासारखा चेहरा होता. "ठसा उलटा उमटतो," तो म्हणाला, "मंग त्याच पेपरातली अक्षरं सुलटी कशी उमटली रं?"

गल्ली हसली. छगनही हसला, कारण हसायची त्याला सवय होती, हसण्याचं टायमिंग त्याचं कधी चुकायचं नाही. पण आत कुठंतरी, बरगडीच्या खाली, भरलेल्या ट्यूबला बारीक काटा लागावा तसं झालं. आवाज नाही, काही नाही, नुसती हवा जायला लागली. इतकी वर्षं हे वाक्य तो बोलत आला होता, ठसा उलटा उमटतो, आणि अक्षरांचं कधी डोक्यात आलं नव्हतं. का आलं नव्हतं? तो माणूस असा की कुणी एक सांगितलं तर त्यातनं दहा भानगडी काढायचा. मागच्याच उन्हाळ्यात, टँकरची वाट बघून बायका रडकुंडीला आल्या होत्या तेव्हा, मुळा धरणाचं पाणी आज पाच वाजता नळाला येणार अशी त्यानं आवई उठवली होती, आणि खरं वाटावं म्हणून स्वतःच पहिला बादली घेऊन उभा राहिला होता. रंगनाथ न्हाव्याच्या खुर्चीचा एक पाय आखूड, त्याखाली वीट असायची. गिऱ्हाईक बसलं की ती वीट पायानं हळूच ओढून घेणं हा तर त्याचा नेमाचा उद्योग. असल्या माणसाला अक्षरं सुलटी कशी हे सुचू नये? सुचलं नाही, कारण ते वाक्य त्याचं नव्हतंच. ते बाचं होतं. बाचं म्हणून ते तपासायचं नव्हतं. आणि म्हणूनच तो काकासाहेबावर एवढा मोठ्यानं ओरडला, म्हणूनच, ऐतवारी पडद्यावर दिसेल ते खरं म्हणत, मिशीपर्यंत गेला. लोकांना वाटलं, छगन रंगात आलाय. छगन घाबरला होता.

त्याचा बाप रखमाजी कॅम्पात होता. गोऱ्या सोल्जरांच्या मेसमध्ये भांडी घासायचा, आणि शनिवारी मैदानात उघड्यावर पिच्चर असला की तिथं खुर्च्या मांडायचा. आधी साहेबलोकांच्या वेताच्या, मग मेमांच्या गादीच्या, मग मागं बाकं. खेळ संपला की उचलायच्या, मोजून आत ठेवायच्या. बसायचं नाही. हे 'बसायचं नाही' घरात कुणी बोलायचं नाही, ते माहीतच असायचं, जसं काकासाहेबाचा बाप शेंगदाण्याचा पुडा आपल्या हातावर वरनं सोडणार हे माहीत असायचं, हाताला हात न लावता. पुडा खाली पडला तरी छगनला त्याचं काही वाटत नसे, त्याचं लक्ष दाण्यांत नसेच. कागदात असे. कॅम्पातली इंग्रजी पेपरची रद्दी त्या दुकानात यायची, आणि एखाद्या पुड्यावर बोकड फौजदार निघायचा. चार चौकटी, कधी तीनच, कधी तेलानं आरपार झालेल्या. चोर विजार टाकून पळतोय, फौजदार पुरावा म्हणून ती उचलतोय, पुढच्या चौकटीत ती खातोय, आणि चौथी चौकट फाटलेली. इंग्रजी अक्षर म्हणजे तेव्हा छगनला मुंग्या. तो आणि काकासाहेब दुकानामागच्या गोणपाटांवर बसून बोकडाच्या तोंडी आपलीच वाक्यं घालायचे. काकासाहेबाच्या बापानं बघितलं की छगननं उठून लांब बसायचं, तो आत गेला की परत जवळ. बोकड मात्र दोघांचा होता. नावही दोघांनी ठेवलेलं. मोडकं शिंग कशानं मोडलं ह्यावर भांडणं झालेली. आणि फाटलेल्या चौथ्या चौकटीत काय असेल, ते छगनच सांगायचा, दर वेळी नवं. माणूस चेष्टेखोर कसा होतो, तर असा. शेवट फाटलेला मिळाला की.

आणि मग एका शनिवारी बा म्हणाला, चल. छगन पाच-सहा वर्षांचा असेल. पुढचं सगळं तो इतक्यांदा बोलला होता की ते त्याला तोंडपाठ होतं, लग्नात, मयतीच्या तेराव्याला, सायकलला हवा भरता भरता. बाच्या अंगात पांढरा कोट, पितळी बटणं. बाचं बोट. साहेबाची झुलती खुर्ची. हसलं की खुर्ची पुढं, हसलं की मागं. पडदा एवढा जवळ की हात लावावा. आधी वाटोळ्या गोलात बोकडाचं तोंड, त्यानं एक डोळा मिचकावला, आणि छगनला वाटलं कागदातला बोकड उठला, आता तो घरी येणार. मधोमध चांद. बोकड चांदावरनं पळतोय, चोर चांदाखालनं निसटतोय, सगळे जागा बदलतात, चांद आपला जागेवर. गोष्ट सांगताना इथं छगन थांबायचा, मिशीवरनं बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "त्या काळात. खुर्चीवर. माझ्या बानं बसवलं." ह्या गावात कुणाचा बाप तालमीतला, कुणाचा बाप पाटलाचा चुलता, कुणाच्या बापानं आड खणलेला. रखमाजीनं आयुष्यभर दुसऱ्यांचं घासलं, दुसऱ्यांचं मांडलं, दुसऱ्यांचं उचललं. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला त्या दिवशी तेवढा ताठ चालला होता, आणि एकदा त्या शनिवारी. छगनपाशी बापाची हीच एक खुर्ची होती.

त्या शनिवारनंतर कधीतरी छगननं पुड्याचा कागद बापुढं धरला होता. बा, पेपरात शिंग ह्या अंगाला का रं? पिच्चरमधी त्या अंगाला हुतं. बा बटणं घासत होता. त्याचा हात थांबला. तो थांबलेला हात छगनला आता दिसत होता, दुकानात, घमेल्यातल्या गढूळ पाण्यात दिसत होता, चिंधी बटणावर तशीच धरलेली, अंगठ्याला काळं लागलेलं. मग बा म्हणाला होता, छापताना ठसा उलटा उमटतो. आणि परत घासायला लागला, आधीपेक्षा जोरात.

आता, डावं शिंग उजवं कधी दिसतं? छगन काही शाळा फार शिकला नव्हता, पण चेन, फ्रीव्हील, पायडल, कुठल्या अंगानं बघितलं की काय कुठं दिसतं ह्याच्यावरच त्याचं पोट होतं. प्रश्नाचं उत्तर त्याला माहीत होतं. तो ते मनात बोलत नव्हता इतकंच. दिवसभर तो गिऱ्हाइकांशी जास्तच चेष्टा करत राहिला. एका मास्तराच्या सायकलची घंटी काढून दुसऱ्याच्या सायकलला लावली, पण ते दोघं भांडायला लागल्यावर त्याला हसू आलं नाही. घरी लंकाबाईनं ताट वाढलं, तो भाकरीचा तुकडा उलटा करून बघत बसला, सुलटा करून बघत बसला.

"येवढं काय तोंड पाडून बसलाय वं?" लंकाबाई म्हणाली. "मिशीच हाय. उगवंल की परत."

"मिशीचं न्हाई गं."

"मंग कशाचं?"

कशाचं ते काय सांगणार? बोकडाच्या शिंगाला माझा बाप लटकलाय म्हणून सांगू? तो म्हणाला, "कालवनात मीठ न्हाई," आणि मीठ होतं, चांगलं होतं, त्यावरनं तिनं त्याला जे सुनावलं ते ऐकताना त्याला जरा बरं वाटलं.

शुक्रवारी तो नगरात गेला, टॉकीजला. वर मशीन चालवणारा ऑपरेटर कानिफनाथ त्याच्याकडनं भाड्यानं सायकल न्यायचा, आणि ती सायकल अधनंमधनं फुकट असायची, तेव्हा शब्द टाकायला हरकत नव्हती. लोखंडी जिन्यावरनं चढताना छगनच्या अंगात त्याची जुनी मस्ती थोडी परत आली. डोक्यात बेत तयार होता. रीळ उलट्या अंगानं लावायचं. उजवं शिंग डावं, काकासाहेबाची मिशी साफ, गल्लीत आठवडाभर हसू. जिंकलं की सगळं जिथल्या तिथं राहतं. केबिनमध्ये भट्टीसारखं गरम होतं, मशीनच्या दिव्यात जळालेल्या कार्बनच्या कांड्यांचा वास होता, आणि कानिफनाथ बनियनवर बसून रीळ गुंडाळत होता.

"उलटं?" तो म्हणाला. "छगनराव, पट्टीच्या एका कडेला आवाज असतो. उलटी लावली तर आवाज मरतो, नुस्तं भों भों व्हतं. मालक मला उलटा टांगंल. त्यापरीस रीळ आलंच न्हाई म्हून सांगू का? म्हंजे पैजच बाद."

एवढं सोपं होतं. रीळ आलंच नाही. न जिंकायचं, न हरायचं, बोकड जिथं होता तिथं, बा जिथं होता तिथं. छगनच्या ओठावर 'व्हय' आलं होतं. पण तो म्हणाला, "दाव तरी जरा." कानिफनाथानं पट्टीचं टोक सोडवून त्याच्या हातात दिलं, आणि त्यानं ते झरोक्यातल्या उजेडात धरलं. नखाएवढा बोकड. गोलात तोंड. टोपी टांगलेली. शिंग मोडलेलं, डाव्या अंगाचं. मग त्याची बोटं आपोआप फिरली, जशी ती कुठलीही वस्तू हातात आली की फिरायची, आणि पट्टी पालथी झाली. शिंग उजव्या अंगाचं. परत फिरवली. डावं. परत. उजवं. तोच बोकड, तोच मिचकावलेला डोळा, काही म्हणता काही बदललेलं नाही, फक्त बघणारा इकडचा तिकडं गेलेला. मधी एक पातळ पापुद्रा. ह्यातली सुलटी बाजू कुठली, एवढंच कानिफनाथाला विचारायचं होतं. तो पट्टी फिरवत राहिला, आणि त्याच्या नाकात अचानक ओल्या ताडपत्रीचा वास आला, बांबूचा, सुंभाच्या दोरांचा, आणि घाबरून त्यानं पट्टी सोडून दिली. साहेबलोकांच्या खुर्च्यांपाशी बांबू कशाला असतील?

"काय करू मंग? न्हाई आलं म्हून सांगू?"

छगन जिन्यावर उभा राहिला. एक गोष्ट उरली होती, एकच. "ह्येच्यात चांद हाय का रं?" त्यानं विचारलं.

"चांद? मी कुटं ध्यान देऊन बघतो? मी कांड्या बघतो, जळाल्या का उरल्या."

चांद असला तर? मोडकं शिंग काय, इकडं असलं नि तिकडं असलं, पोराच्या ध्यानात उलटंही राहू शकतं. पण चांद खरा असला तर आपण बघितलेलं खरं. समोरनं बघितलेलं. खुर्चीवरनं. "चालव," तो म्हणाला. "हाय तसं चालव." आणि जिना उतरताना त्याला कळलं की आपण आता मिशीसाठी चाललोच नाही, आपण चांद बघायला चाललोय, आणि काकासाहेबाला हे कधीच सांगता येणार नाही.

ऐतवारी टॉकीजात पोरांचा नुसता बाजार. छगन आणि काकासाहेब मधल्या रांगेत, शेजारी शेजारी. गल्लीतली आणखी चार टाळकी मागं, साक्षीला. काकासाहेबानं दाण्यांचा पुडा आणला होता, तो त्यानं दोघांच्या मधी धरला. "घे," म्हणाला. छगननं चार दाणे उचलले आणि मुठीतच धरले, तोंडात घातले नाहीत. तळहात घामेजला होता, दाण्यांची सालं ओली होऊन चिकटत होती. दिवे गेले. पोरं किंचाळली. पडद्यावर वाटोळा गोल आला आणि गोलात तोंड. मोठं, काळंपांढरं, दाढीसकट. शिंग उजव्या हाताचं मोडलेलं. इतकं स्वच्छ, की शंका घ्यायला जागाच नाही. बोकडानं डोळा मिचकावला, आणि मागची टाळकी ओरडली, "गेली! गेली मिशी!" काकासाहेब ओरडला नाही. त्यानं छगनकडं कडेनं बघितलं. छगन पडद्याला डोळे लावून बसला होता, पुढं वाकून, समोरच्या खुर्चीची पाठ एका हातानं धरून. शिंगाचं त्याला काही वाटलंच नाही. शिंग गेलं ते गेलं. तो मधोमध बघत होता. बोकड पळाला, चोर निसटला, विजार चघळली गेली, जज्जाच्या दाढीला टोपी अडकली. आता येईल. रात्र झाली की येईल. मग पडद्यावर रात्रही झाली, काळं आभाळ, दोन चांदण्या कोपऱ्यात. मधोमध काही नाही. पोरं हसत होती, सगळं थिएटर खदखदत होतं, आणि हसत नव्हता तो एकटा. आणि मग त्यानं मान वळवली, मागं, वर, केबिनच्या भोकाकडं. तिथं होता. धुरकट उजेडाच्या दांड्याच्या टोकाला, वाटोळा, पांढरा, जळजळीत. चांद.

पडद्याच्या मागनं बघितलं की कापडातनं मशीनचा दिवा तसाच दिसणार. मधोमध. बोकड कुठंही पळो. दिवसा नि रात्री.

म्हणजे साहेब नव्हते, मेमा नव्हत्या, पुढं कुणाचं डोकं नव्हतं कारण पुढं कुणी नव्हतंच, पुढं कापड होतं. बांबू, दोर, ताडपत्री. बानं त्याला सगळ्यांच्या नजरेआड, पडद्यामागं उभं केलं होतं. आणि घरी येताना सांगितलं होतं, खुर्चीवर बसून बघितलं म्हणायचं, काय? तसंच सांगायचं. आणि आपण सांगत राहिलो. इतकी वर्षं गल्लीला बनवत आलो, पाणी येणार म्हणून, घंटी गेली म्हणून, आणि आपल्याला मात्र पहिल्यांदा बनवलं ते बानं. दिवे लागले तेव्हा मुठीतल्या दाण्यांचा लगदा झाला होता. काकासाहेब म्हणाला, "छगन, हे बघ, मिशीचं राहू दे. नुस्तं हारलो म्हन, चहा पाज, झालं." त्याच्या आवाजात दया होती, आणि ती दया छगनला मोडक्या शिंगासारखी टोचली. "वा रे वा," तो म्हणाला, "छगन भिंगारदिव्यानं कधी शब्द मागं घेतलाय का? चल. रंगनाथाला म्हनावं, वस्तरा लाव."

चौकात ही गर्दी. पिच्चरहून आलेली पोरं, नळावरच्या बायका, लंकाबाई पदर तोंडाला लावून एका कडेला. खुर्ची लिंबाखाली मांडलेली. छगन दोन्ही हात वर करून सगळ्यांना नमस्कार करत आला, लग्नातल्या नवऱ्यासारखा, आतनं रिकामा, ढोल असतो तसा. बसला. आणि खुर्ची मागं गेली. गर्दी फुटली हसून. खालची वीट गायब होती. काकासाहेब विटेवरच उभा होता, धोतर सावरत, इतक्या वर्षांचं उट्टं काढून. "झुलती खुर्ची, छगनराव!" तो म्हणाला. "साहेबाची!" छगनही हसला, आणि हसला तशी खुर्ची पुढं आली, हसला तशी मागं गेली.

पुढं. मागं. त्याचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले. ओल्या ताडपत्रीचा वास. झुलती नव्हती ती. तिला पायच तीन होते. मोडकी म्हणून मेसच्या मागं टाकलेली, वेत सुटलेली खुर्ची, ती बानं डोक्यावरनं आणली होती, साहेबलोकांच्या सगळ्या मांडून झाल्यावर, एक जास्तीची. पडद्यामागं मांडली. बस, म्हणाला. आणि चौथ्या पायाच्या जागी स्वतःचा गुडघा लावला. जमिनीवर टेकून बसला, पांढऱ्या कोटासकट, आणि खेळ संपेस्तोवर हलला नाही. पोरगं हसलं की खुर्ची गुडघ्यावर पुढंमागं व्हायची. बाचं तोंड पडद्याकडं नव्हतंच. छगननं खाली बघितलं होतं एकदा, आणि त्या चांदाच्या उजेडात बाचं तोंड दिसलं होतं, वर करून, पोराकडं बघत असलेलं. पितळी बटणं चमकत होती. हे होतं. हे त्यानं कुणाला कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगायच्या गोष्टीत ते मावत नव्हतं.

"हलू नका," रंगनाथ साबण फेसाळत म्हणाला. "वस्तरा हाय."

"काकासाहेब," छगन म्हणाला. "वीट नगं. तुजा गुडघा लाव हितं."

"आँ?"

"लाव म्हंतो ना. रंगनाथ गळा कापंल माजा."

काकासाहेबानं त्याच्याकडं बघितलं. काय दिसलं त्याला कोण जाणे. गर्दी हसत होती, कुणी शिटी मारली. काकासाहेब, किराणा दुकानाचा मालक, धोतर गोळा करून चौकातल्या धुळीत टेकला आणि त्यानं खुर्चीच्या आखूड पायाखाली गुडघा सारला. खुर्ची थांबली. छगननं एक हात खाली सोडला, तो काकासाहेबाच्या खांद्यावर पडला आणि तिथंच राहिला. मग त्यानं मान वर केली, फेस लावलेली, आणि गोष्ट सांगताना लावायचा तोच मोठा आवाज लावला.

"ऐका रे! बोकड फौजदार मी खुर्चीवर बसून बघितला. माझ्या बानं बसवलं. पडद्याच्या मागनं."

नळावर कुणाची तरी घागर भरून वाहत होती. लंकाबाईनं तोंडावरचा पदर काढला.

"मागनं?" रंगनाथ वस्तरा धरून थांबला. "मागनं बघून काय उपेग?"

"शिंग उलटं दिसतं," छगन म्हणाला, "हारलो, काप. आपल्या उजव्या हाताची काप, तुज्या न्हाई, माज्या." आणि मग बोकडासारखा एक डोळा मिचकावून, "पर चांद फकस्त मागनंच दिसतो."

"तोंड मिटा आता," रंगनाथ म्हणाला, आणि त्यानं पहिला हात फिरवला.